डेंटल बाँडिंग

डेंटल बाँडिंग ही दाताच्या रंगाशी जुळणारे कॉम्पोझिट रेझिन दाताच्या पृष्ठभागावर थेट चिकटवून त्यास इष्ट आकार व रंग देण्याची दंतवैद्यकीय उपचारपद्धती होय. टवका उडालेले वा किंचित तुटलेले दात, दोन दातांमधील फट, आखूड किंवा वेडावाकडा दिसणारा दात, तसेच घासून वा विरंजन करूनही न जाणारे डाग यांवर ही पद्धती प्रामुख्याने समोरच्या दातांसाठी योजली जाते. बहुधा एकाच भेटीत हा उपचार पूर्ण होतो आणि त्यासाठी निरोगी दात जवळजवळ कोरावा लागत नाही. दुसऱ्या बाजूस, रेझिन हे नैसर्गिक दातापेक्षा आणि पोर्सेलिनपेक्षा मऊ असल्याने काही वर्षांनी त्याची दुरुस्ती अथवा नूतनीकरण करावे लागते.

संज्ञा

बाँडिंग या शब्दाचा अर्थ चिकटवणे किंवा सांधणे असा आहे. दंतवैद्यकात तो दोन अर्थांनी वापरला जातो. व्यापक अर्थाने रेझिनच्या साहाय्याने दातावर काहीही चिकटवण्याच्या तंत्रास बाँडिंग म्हणतात. दात सरळ करण्यासाठी लावलेल्या ब्रेसेसचे ब्रॅकेट, पोर्सेलिनचे व्हिनिअर आणि दाढांच्या खाचा बुजवणारा लेप हे सर्व याच तंत्राने दातावर टिकून राहतात. संकुचित अर्थाने, आणि जाहिरातींत व दवाखान्यांत बहुधा याच अर्थाने, समोरच्या दातांचे रूप सुधारण्यासाठी केलेल्या कॉम्पोझिटच्या कामास बाँडिंग म्हटले जाते. प्रस्तुत लेखात हा दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. मराठी बोलण्यात या कामास ‘दाताला सिमेंट लावणे’ असे सर्रास म्हणतात. दंतवैद्यकात सिमेंट या नावाने ओळखले जाणारे पदार्थ निराळे असून त्यांचा गुणधर्मही निराळा आहे, हे उपचाराच्या खर्चाची चौकशी करताना ध्यानी ठेवणे उपयुक्त ठरते.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दात भरण्याचे शास्त्र हे मुख्यतः दात कोरण्याचे शास्त्र होते. चांदी भरणे या नावाने परिचित असलेले पाऱ्याचे मिश्रण, म्हणजे अमाल्गम, दाताला चिकटत नाही. ते खड्ड्यात अडकून बसते. त्यासाठी खड्डा तळाशी रुंद व तोंडाशी अरुंद असा कोरावा लागे, आणि त्या आकारासाठी कीड नसलेला भागही काढून टाकावा लागे. अमेरिकन दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक (१८३६–१९१५) यांनी घालून दिलेले खड्डे कोरण्याचे नियम अनेक पिढ्यांनी प्रमाण मानले. दाढेच्या बाबतीत हे चालून जाई. समोरच्या दाताचा कोपरा तुटल्यास मात्र नवा पदार्थ अडकवायला तेथे खड्डाच नसे. अशा वेळी सिलिकेट सिमेंट वापरले जाई, परंतु ते लाळेत हळूहळू विरघळे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आलेले ॲक्रिलिक आकुंचन पावून कडेने फट पाडी. उरलेला मार्ग म्हणजे संपूर्ण दात घासून त्यावर कॅप बसवणे.

केवळ दिसण्यापुरता एक मार्ग हॉलिवूडमध्ये निघाला होता. चार्ल्स पिंकस हे तेथील दंतवैद्य १९३० च्या दशकात चित्रपट नटनट्यांच्या दातांवर पातळ आवरणे तात्पुरती बसवीत. कॅमेऱ्यासमोरचे काम आटोपले की ती काढून ठेवावी लागत, कारण त्यांना दातावर कायम धरून ठेवील असे काही उपलब्ध नव्हते.

इतिहास

१९४९ मध्ये ऑस्कर हॅगर या स्विस रसायनतज्ज्ञाने दाताशी रासायनिक बंध जोडू पाहणारे एक ॲक्रिलिक द्रव्य तयार केले. ओलाव्यात त्याचा निभाव लागला नाही. या विषयातील निर्णायक शोध १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी मांडला. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे संशोधन करणाऱ्या बुओनोकोर यांचे लक्ष कारखान्यांतील एका रीतीकडे गेले होते. धातूच्या पत्र्यावर रंग पक्का बसावा म्हणून तेथे तो आधी फॉस्फोरिक आम्लाने धुतला जाई. हीच युक्ती त्यांनी दातावर केली. ८५ टक्के तीव्रतेचे फॉस्फोरिक आम्ल त्यांनी ३० सेकंद दातावर लावले, धुतले आणि त्यावर ॲक्रिलिकचा थेंब ठेवला. आम्ल न लावलेल्या दातावरील थेंब लवकर निघून जात. आम्ल लावलेल्या दातावरील थेंब कित्येक आठवडे टिकून राहिले. प्रयोग इतका साधा होता की त्याचे महत्त्व व्यवसायाच्या ध्यानी यायला दशकाहून अधिक काळ गेला.

चिकटवण्याची युक्ती मिळाली तरी चिकटवायचा पदार्थ अजून चांगला नव्हता. ती उणीव राफाएल बोवेन यांनी भरून काढली. बिस-जीएमए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेझिनचे पेटंट त्यांना १९६२ मध्ये मिळाले. या रेझिनमध्ये बारीक वाटलेली काच अथवा स्फटिकाची पूड मिसळून आणि प्रत्येक कणावर सिलेन या जोडद्रव्याचे लेपन करून त्यांनी जो पदार्थ सिद्ध केला, तोच आजच्या कॉम्पोझिटचा पूर्वज होय. काँक्रीटमध्ये सिमेंट व खडी यांचे जे नाते, तेच येथे रेझिन व पूड यांचे आहे.

सुरुवातीचे कॉम्पोझिट दोन मलमे एकत्र कालवून वापरावे लागे आणि ते काही मिनिटांत आपोआप घट्ट होई. आकार देण्यास सवड फार थोडी मिळे. १९७० च्या दशकात प्रथम अतिनील आणि नंतर दृश्य निळ्या प्रकाशाने घट्ट होणारी रेझिने आली. सवड दंतवैद्याच्या हाती आली आणि दात घडवणे हे शिल्पकामासारखे सावकाश करता येऊ लागले. दाताच्या आतील थराशी, म्हणजे डेंटिनशी, जोड बांधण्याचा प्रश्न त्यानंतरही उरला होता. जपानमधील ताकाओ फुसायामा यांनी १९७९ मध्ये डेंटिनवरही आम्ल लावण्याची पद्धत मांडली. १९८२ मध्ये नोबुओ नाकाबायाशी यांनी रेझिन आणि डेंटिन यांच्या मिश्रणातून तयार होणाऱ्या संकरित थराचे वर्णन केले. पाश्चात्त्य दंतवैद्यकात डेंटिनला आम्ल लावणे तोवर धोक्याचे समजले जात असे.

चिकटण्याचे तत्त्व

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे दंतवल्क किंवा एनॅमल, हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा, मुख्यतः हायड्रॉक्सिॲपेटाइटचा असतो. हे खनिज अत्यंत बारीक दांड्यांच्या रूपाने दाटीवाटीने उभे रचलेले असते. सध्या वापरल्या जाणाऱ्या ३५ ते ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाचा जेल १५ ते ३० सेकंद लावला असता या दांड्यांचा काही भाग विरघळतो, काही उरतो, आणि गुळगुळीत पृष्ठभाग सूक्ष्म छिद्रांनी भरून जातो. असा दात वाळवल्यावर खडूसारखा पांढुरका दिसतो. आम्लाने आपले काम केल्याची ती खूण होय. पातळ रेझिन या छिद्रांत शिरते व तेथेच घट्ट होते. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात मोजाव्या लागणाऱ्या अशा असंख्य रेझिन-मुळ्या सगळा भार पेलतात. ही जोड प्रामुख्याने यांत्रिक आहे.

डेंटिनची रचना वेगळी आहे. त्यात खनिज सुमारे ७० टक्के असून उरलेला भाग कोलॅजेन तंतू व पाणी यांचा असतो. त्यातून दंतमज्जेकडे जाणाऱ्या बारीक नलिकांत द्रव खेळत असल्याने तो कधीच पुरता कोरडा नसतो. आम्लाने खनिज काढल्यावर तंतूंचे जाळे उघडे पडते. ते फार वाळवले तर चिकटून सपाट होते आणि रेझिनला आत शिरायला जागा राहत नाही. फार ओले राहिले तर रेझिन पातळ होऊन कमकुवत बनते. शिवाय काळाच्या ओघात पाणी व शरीरातील विकरे या जोडीची झीज करतात. म्हणूनच ज्या दातावर पुरेसे एनॅमल शिल्लक आहे त्यावरील बाँडिंग अधिक काळ टिकते. समोरच्या दाताच्या दर्शनी बाजूस, टोकाजवळ, एनॅमल सुमारे एक मिलिमीटर जाड असते व हिरडीकडे ते त्याच्या निम्म्याहून कमी होते. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात उगवताना नाहीशा होतात, त्यामुळे एकदा घासून टाकलेले एनॅमल शरीर पुन्हा निर्माण करीत नाही. बाँडिंगची तुलना अन्य उपचारांशी करताना हा मुद्दा किमतीपेक्षाही महत्त्वाचा मानला पाहिजे.

उपयोग

दोन पटाशीच्या दातांमधील फट बुजवणे हा बाँडिंगचा बहुपरिचित उपयोग होय. दोन्ही दातांच्या कडांना थोडे थोडे रेझिन चढवून ते रुंद केले जातात. फट मोठी असल्यास दात बेढब चौकोनी दिसू लागतात, आणि अशा वेळी आधी ब्रेसेसने दात सरकवणे श्रेयस्कर ठरते. लहान मुलांच्या बाबतीत घाई करू नये. दुधाचे दात पडून कायमचे दात येत असताना, साधारण ७ ते ११ वर्षांच्या दरम्यान, वरच्या मधल्या दातांत फट असणे हा वाढीचाच एक टप्पा असतो. बाराव्या वर्षाच्या आसपास सुळे खाली आले की ती पुष्कळदा आपोआप मिटते.

डागांच्या बाबतीत डाग कोठे आहे हे आधी पाहावे लागते. चहा, पान, तंबाखू किंवा मशेरी यांचे डाग दाताच्या वर बसलेले असतात. दवाखान्यात दात साफ करून घेतल्यास ते बहुतांशी निघतात व त्यांवर रेझिन चढवण्याचे कारण नसते. एखादाच दात करडा किंवा काळपट झाला असेल, विशेषतः पूर्वी मार लागलेला असेल, तर आतील दंतमज्जा मृत झाल्याचा संभव असतो. अशा दाताचा क्ष-किरण फोटो न काढता त्यावर बाँडिंग करणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणे होय. आधी रूट कॅनाल, नंतर आतून विरंजन आणि गरज उरल्यास बाँडिंग हा क्रम उचित आहे.

फ्लुओरोसिसचे डाग मात्र एनॅमलच्या घडणीतच असतात. बालपणी, दात तयार होत असताना, पिण्याच्या पाण्यातून फ्लोराइड प्रमाणाबाहेर पोटात गेल्यास दातांवर पांढरे पट्टे, पिवळट वा तपकिरी डाग आणि तीव्र अवस्थेत खळगे पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडची मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम अशी दिली आहे. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते, आणि तेथे हे डाग असलेल्या तरुण-तरुणींना नोकरी वा विवाह ठरवताना संकोच सोसावा लागतो. सौम्य डाग वरचा सूक्ष्म थर घासून किंवा विरंजनाने फिके होतात. खोल डागांसाठी बाँडिंग वा व्हिनिअर लागते. फ्लुओरोसिसग्रस्त एनॅमलचा बाह्य थर आम्लास दाद देत नाही, त्यामुळे आम्ल अधिक वेळ लावावे लागते किंवा थर हलका खरवडावा लागतो. अर्थात हा उपचार दिसण्यापुरता आहे. त्याच विहिरीचे पाणी पिणाऱ्या धाकट्या भावंडांचे दात पाण्याचा स्रोत बदलल्याशिवाय वाचत नाहीत.

हिरडीलगत दातावर पडणाऱ्या पाचरीच्या आकाराच्या खाचाही बाँडिंगने भरता येतात. कडक ब्रश जोरजोराने आडवा फिरवणे, राखुंडीसारखी खरबरीत मंजने वापरणे या सवयी त्यामागे बऱ्याचदा असतात, आणि सवय तशीच राहिली तर भरलेला भागही झिजतो.

तुटलेला तुकडा जोडणे

खेळताना किंवा सायकलवरून पडून वरच्या मधल्या दाताचा तुकडा निघणे ही शालेय वयातील नेहमीची दुखापत आहे. पुढे आलेल्या दातांना तिचा धोका अधिक असतो. हा तुकडा सापडल्यास बाँडिंगच्या तंत्राने तोच पुन्हा दातावर चिकटवता येतो, आणि रंग, चकाकी व कड या तिन्ही बाबतींत कोणतेही रेझिन त्याची बरोबरी करू शकत नाही. तुकडा पाण्यात किंवा दुधात ठेवून शक्य तितक्या लवकर दंतवैद्याकडे न्यावा. कागदात वा रुमालात गुंडाळल्यास तो वाळून पांढरट होतो व जोडही कमकुवत राहते. ओठ सुजला असेल तर तुकडा ओठात रुतला नाही ना, हेही तपासले जाते. तुटलेल्या भागात लालसर ठिपका दिसत असल्यास दंतमज्जा उघडी पडली आहे असे समजावे; तिच्यावरील उपचार आधी करावा लागतो. जोडलेला दात पुढे काही काळ नियमितपणे तपासून घ्यावा लागतो, कारण माराचा परिणाम दंतमज्जेवर उशिरानेही दिसू शकतो. संपूर्ण दात मुळासकट निखळणे ही वेगळी व अधिक तातडीची अवस्था असून तेथे बाँडिंगचा संबंध येत नाही. दात हिरडीत पुन्हा बसवावा लागतो व मिनिटामिनिटाला महत्त्व असते.

कृती

रंगाची निवड सर्वप्रथम, दात ओला असताना आणि शक्यतो दिवसाच्या उजेडात केली जाते. तोंड उघडे ठेवल्यावर काही मिनिटांतच दात वाळतो व नेहमीपेक्षा पांढरा दिसू लागतो. त्या वेळी निवडलेला रंग नंतर विजोड ठरतो. एकाच दाताचा रंगही सर्वत्र सारखा नसतो. मान पिवळसर, मध्य भाग अपारदर्शक आणि टोक किंचित निळसर पारदर्शक असते. कुशल दंतवैद्य त्यासाठी दोन-तीन छटांचे थर वापरतो.

दात विरंजनाने उजळवायचे असतील तर ते काम बाँडिंगपूर्वी उरकावे लागते, कारण रेझिनवर विरंजनाचा परिणाम होत नाही. त्यानंतर सुमारे दोन आठवडे थांबतात. दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनच्या जोडीस बाधक असतो. लवंगेच्या तेलातील युजेनॉल हेही रेझिन घट्ट होण्यात अडथळा आणते. दातदुखीवर घरी लवंगेचे तेल लावण्याची आपल्याकडे प्रथा आहे. तसे केले असल्यास दंतवैद्यास सांगणे इष्ट.

पुढील कामात खरा शत्रू लाळ हा असतो. आम्ल धुतल्यानंतर दातावर लाळेचा स्पर्श झाला तरी सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि आम्ल पुन्हा लावावे लागते. सॅनफर्ड बार्नम या न्यूयॉर्कच्या दंतवैद्याने १८६४ मध्ये योजलेला रबर डॅम, म्हणजे दातांभोवती ताणून बसवलेला रबरी पडदा, आजही यासाठी सर्वोत्तम साधन मानला जातो. आम्ल लावणे, धुणे, चिकटद्रव्य चोळून प्रकाश देणे आणि मग कॉम्पोझिट थराथराने रचणे असा क्रम असतो. घट्ट होताना रेझिन किंचित, आकारमानाने साधारण दोन-तीन टक्के, आकसते. एकदम जाड गोळा लावल्यास प्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही व आकसण्याने कडेला फट पडते. म्हणून एक थर सहसा दोन मिलिमीटरहून जाड ठेवीत नाहीत. निळ्या प्रकाशाने रेझिनमधील कॅम्फरक्विनोन हे द्रव्य उद्दीपित होऊन साखळ्या जुळतात. शेवटी घासून आकार दिला जातो, दातावर दात कसा टेकतो हे पाहिले जाते आणि पॉलिश केले जाते. पॉलिश हा केवळ चकाकीचा भाग नाही. हवेच्या संपर्कातील सर्वांत वरचा थर अपुरा घट्ट झालेला असतो. तो तसाच राहिल्यास डाग लवकर धरतो. एका दातास साधारण अर्धा ते एक तास लागतो. काम एनॅमलपुरते असल्यास भुलीच्या इंजेक्शनची गरज सहसा पडत नाही.

टिकाऊपणा

योग्य रीतीने केलेले बाँडिंग साधारण ३ ते १० वर्षे टिकते. ही मर्यादा इतकी लांबरुंद असण्याचे कारण रुग्णाच्या सवयींत आहे. नखे कुरतडणे, पेनाची टोपणे चावणे, दाताने बाटलीचे झाकण किंवा दोरा तोडणे, ऊस सोलणे आणि झोपेत दात खाणे यांनी कड तुटते. झोपेत दात खाणाऱ्यांना रात्री घालायचे संरक्षक आवरण दिले जाते. रंगाच्या बाबतीत चहा, कॉफी, तंबाखू यांच्याबरोबर हळदीचाही विचार करावा लागतो. हळदीतील पिवळे द्रव्य रेझिन चटकन शोषून घेते. हळदीविना स्वयंपाकाचा सल्ला कोणीही देणार नाही; जेवणानंतर चूळ भरणे आणि सहा महिन्यांनी पॉलिश करून घेणे हा व्यवहार्य उपाय होय. तुटलेल्या वा डागाळलेल्या भागापुरती दुरुस्ती करता येते, सर्व काम उकरावे लागत नाही.

पर्यायांशी तुलना

पोर्सेलिनचे व्हिनिअर अधिक टिकाऊ असते व त्यास डाग लागत नाहीत. परंतु ते बसवण्यासाठी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास एनॅमल घासावे लागते आणि मग दात आयुष्यभर व्हिनिअरवर अवलंबून राहतो. कॅपसाठी दाताच्या दृश्य भागाचा मोठा हिस्सा चहूबाजूंनी काढावा लागतो. किडीने वा मोडण्याने दात फारच दुर्बळ झाला असेल तर कॅप हाच उपाय आहे. विशीतील व्यक्तीचा निरोगी दात केवळ रूपासाठी कॅपकरिता घासणे मात्र समर्थनीय नाही. बाँडिंग प्रथम करून पाहिल्यास व्हिनिअर व कॅप हे दोन्ही मार्ग पुढे खुले राहतात. उलट क्रमाने ते शक्य नसते. खर्चही बाँडिंगचा सर्वांत कमी असतो. मात्र दर काही वर्षांनी होणारा दुरुस्तीचा खर्च त्यात धरला पाहिजे.

हिरड्यांतून रक्त येत असल्यास किंवा दातांत कीड असल्यास बाँडिंग पुढे ढकलले जाते. सुजलेल्या हिरडीलगत दात कोरडा ठेवता येत नाही, आणि अशा ठिकाणी केलेल्या कामाची कड हिरडीला आणखी त्रास देते.

सुरक्षितता

बिस-जीएमए हे बिस्फेनॉल-ए या रसायनापासून बनत असल्याने त्याबद्दल शंका व्यक्त केल्या जातात. काम पूर्ण झाल्यावर पहिल्या काही तासांत त्याचा अत्यल्प अंश लाळेत उतरू शकतो. वरचा अपुरा घट्ट झालेला थर पुसून काढणे व चूळ भरणे यांनी तो आणखी घटतो. काही रेझिन द्रव्यांची ॲलर्जी होऊ शकते. ती रुग्णांपेक्षा रोज हाताळणी करणाऱ्या दंतवैद्यांत व साहाय्यकांत अधिक आढळते. निळ्या प्रकाशाकडे थेट पाहणे डोळ्यांस अपायकारक असल्याने नारिंगी पडदा वा चष्मा वापरतात.

दात घरच्या घरी जोडण्याचे संच विक्रीस येतात आणि काही जण तुटलेला तुकडा साध्या गोंदाने चिकटवून पाहतात. अशा पदार्थांनी जोड टिकत नाही, हिरडी भाजू शकते आणि दाताच्या पृष्ठभागावर राहिलेला थर पुढील योग्य उपचारास अडसर ठरतो. भारतात दंतवैद्यक व्यवसायाचे नियमन १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने सुरू झाले व नोंदणीकृत दंतवैद्यासच हा व्यवसाय करता येतो. शासकीय दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हाच उपचार खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी शुल्कात, अध्यापकांच्या देखरेखीखाली केला जातो. तेथे वेळ अधिक लागतो आणि एकाहून अधिक फेऱ्या माराव्या लागू शकतात.